आई येते हं, येते

गावात मला कोणी रस्त्यात गाठलं की प्रश्न ठरलेले असतात. "बाई, पोराले पगार किती भेटते तिकडं?" मग थंडीचं. मग, "भाकर भेटते का?" एवढं झालं की विचारणारा आपल्या वाटेनं निघून जातो. सूनबाईचं कोणी विचारत नाही. नातीचं विचारलंच तर "चिमी आता फाडफाड इंग्रजी बोलत असन" असं स्वतःच सांगून मोकळे होतात.

चिमी इंग्रजी बोलत नाही. तिकडच्या शाळेत तर ती चार महिने कोणत्याच भाषेत बोलत नव्हती. मला त्याच चार महिन्यांचं लिहायचं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली. १९९१ पासून २०२२ पर्यंत आमच्या गावची अंगणवाडी सांभाळली. शेवटी शेवटी रजिस्टरांसोबत पोषण ट्रॅकर आलं, मोबाइलवर रोजची हजेरी अन् वजनं भरायची. त्या ॲपनं डोकं खाल्लं, पण बोटं तयार केली. नाहीतर एवढं टाइप करणं माझ्या बापजन्मी झालं नसतं.

मुलगा सप्टेंबर २०२३ मध्ये पुण्याहून जर्मनीत ब्रेमेनला गेला. सोबत सूनबाई आणि साडेतीन वर्षांची चिमी. ब्रेमेन हे वेझर नदीकाठचं जुनं व्यापारी शहर, समुद्र तिथून साठेक किलोमीटरवर. जहाजांत चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची नोंद ठेवणारं काहीतरी सॉफ्टवेअर मुलाकडे आहे. त्यातलं मला एवढंच कळतं, आणि गावात सांगायला तेवढं पुरतं.

निघायच्या आधी आठ दिवस ते इकडे आले होते. मी हट्टानं दहा किलो ज्वारी दळून दिली. सूनबाई म्हणत होती, "आई, एवढं पीठ कडू पडेल." मी म्हटलं, "थंडीत नाही पडत." पडलं. दिवाळीपर्यंत निम्मं संपलं आणि निम्मं तिनं फेकलं. मला सांगितलं मात्र पुढच्या एप्रिलमध्ये, मी स्वतः तिथं डबा उघडून वास घेतला तेव्हा. त्या डब्यात तेव्हा मैदा होता.

पहिला महिना भाड्याच्या सामानासकटच्या खोलीत काढला. मग घर मिळालं. पाहायला गेले तर स्वयंपाकघरात नुसत्या भिंती, दोन नळांची तोंडं आणि शेगडीसाठी एक जाड वायर लोंबत होती. ओटा नाही, बेसिन नाही, कपाट नाही. मुलाला वाटलं आपल्याला फसवलं. पण तिकडे पुष्कळ घरं अशीच देतात, जाणारा भाडेकरू आपला ओटासुद्धा उचलून नेतो. सहा आठवडे सूनबाईनं एका विजेच्या शेगडीवर स्वयंपाक केला आणि भांडी न्हाणीघरात घासली. व्हिडिओ कॉलवर मला फक्त हॉलची खिडकी दाखवायची. खिडकीतून ट्राम जाताना दिसायची. मी शेजारणींना बोलावून बोलावून ती ट्राम दाखवली.

घर मिळालं की दोन आठवड्यांत तिथल्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं, घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन. त्या नोंदणीशिवाय पुढचं काही हलत नाही. हे मला समजलं. आपल्याकडे रेशनकार्डाशिवाय कुठे काय हलत होतं? पण दारावरच्या घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव लावलेलं नसलं तर पत्र परत जातं, हे काही केल्या पचेना. आमच्या पोस्टमनला कोणत्या घरची म्हैस कधी व्याली तेसुद्धा ठाऊक असतं. तिकडे घराला नंबर असून भागत नाही. आमचं आडनाव घंटीच्या पट्टीवर मावेना म्हणून शेवटची दोन अक्षरं गेली. तिथले लोक आता त्यांना त्या कापलेल्या आडनावानंच हाक मारतात.

फोनची वेळ ठरली होती. आमचे रात्रीचे साडेआठ, त्यांचे संध्याकाळचे पाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फोन आला नाही. नऊ झाले, सव्वानऊ झाले. कापसाची वेचणी सुरू होती, दिवसभर कंबर मोडलेली, तरी मी अंगणात येरझारा घालत राहिले. साडेनऊला आला. तिकडे त्या दिवशी सगळ्या देशानं घड्याळं एक तास मागं घेतली होती, त्यांचे पाच आत्ताच वाजले होते. चिमीचे आबा म्हणाले, "सरकारनं सांगतलं अन् सूर्य मांगं गेला काय?" तेव्हापासून हिवाळ्यात साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेआठ, अशा आमच्या घरच्या जेवणाच्या वेळासुद्धा ब्रेमेनच्या हिशेबानं चालतात.

चिमीला जागा मिळाली जानेवारीत. किटा म्हणतात तिकडे, अंगणवाडीच. तीन वर्षांपुढच्या लेकरांना ब्रेमेनमध्ये फी नाही, जेवणाचे तेवढे पैसे. पण जागा मिळायला वाट पाहावी लागते. त्या लोकांची एक पद्धत मला फार आवडली. लेकरू पहिल्या दिवशी सोडून आई पळून येत नाही. आई वर्गात बसते. पहिले दिवस तासभर, मग आई दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, लेकरू सोसेल तसं. दोन-तीन आठवडे हेच. याला त्यांच्याकडे शब्द आहे, आइनगेव्योनुंग. मुलानं अर्थ सांगितला, रुळवणं. नव्या जनावराला दावणीला रुळवतो तसं. (हे मी त्याला म्हटलं तर त्याला राग आला. माझ्या मते बैलाला रुळवण्याइतकं सबुरीचं काम दुसरं नाही.)

आमच्या अंगणवाडीत रुळवणं वेगळं होतं. लेकरू भोंगा काढायचं, आई तोंड फिरवून शेतावर निघायची, मदतनीस त्याला कडेवर घेऊन दाराला कडी लावायची. वेचणीच्या दिवसांत तासभर बसायला कोणती आई येणार होती? रोज बुडाला तर खाणार काय? तिकडे सूनबाईला बसता आलं, कारण तिला कामच नव्हतं. पुसदला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची ती लग्नाआधी, मग पुण्यात. ब्रेमेनमध्ये तिचं शिक्षण कागदावर होतं आणि जीभ तोंडात होती, दोन्हीचा उपयोग नव्हता.

चिमी रडली नाही. ते बरं वाटलं सगळ्यांना. आठवडाभरात ती आईचं बोट सोडून आत जायला लागली. फक्त बोलायची नाही. घरी आली की मराठीत नुसती टकळी. रस्त्यानं कुत्रं दिसलं ते, पाऊस आला ते, आबाचा बैल काय करतो ते. किटाच्या दारातून आत पाऊल टाकलं की तोंड बंद. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मान हलवायची, बोट दाखवायची, शू लागली तर ताईंचा हात धरून ओढायची. शब्द नाही.

इकडे बातमी कशी फुटली कोण जाणे. बहुतेक मीच कोणाला तरी बोलले असेन. "पोट्टी बोलत नाही म्हन्ते तिकडं. नजर लागली असन." एकीनं लिंबू-मिरची सांगितली, एकीनं पिंपळाच्या पानावर मध चाटवायला सांगितला. मी त्यांना हसले. आणि रात्री फोनवर सूनबाईला, एकतीस वर्षं अंगणवाडी चालवलेली मी, काय सांगितलं?

"घरी मराठी बंद करा. तिच्याशी जर्मनच बोला. तुम्ही घरी मराठी बोलता म्हणून तिचा गोंधळ होऊन राह्यला."

सूनबाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, मला तरी कुठं येते जर्मन? मीही दिवसभर गप्पच असते." मी म्हटलं, "तू मोठी आहेस, तू करशील ॲडजस्ट." हे वाक्य लिहितानाही मला चांगलं वाटत नाही, पण म्हटलं होतं ते म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी जुनी मदतनीस तुरीच्या शेंगा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "बाई, तुमी विसरल्या का पोडावरचं ते पोट्टं? दाराजवळ बसत जाय ते?"

मी विसरले नव्हते. आठवायचं टाळत होते.

आमच्या भागात डोंगराच्या कडेनं कोलामांची पोडं आहेत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. त्यांची भाषा कोलामी, ती मराठीच्या कुळातली नाही, तेलुगू-गोंडीच्या नात्यातली. मोठी माणसं बाजारहाटापुरतं मराठी बोलतात. लहान लेकरं घरात कोलामीच ऐकतात. २००९ च्या सुमाराला एक कुटुंब पोडावरून आमच्या गावात एका शेतकऱ्याकडे सालानं राहायला आलं. त्यांचा चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे यायला लागला. दाराच्या चौकटीला टेकून बसायचा. खिचडी खायचा, वजन करायला काट्यावर उभा राहायचा, बडबडगीतं सुरू झाली की हात हलवायचा. ओठ हलायचे नाहीत. असे पाच महिने.

मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे लिहिलं, "बोलत नाही." तपासणीला आलेल्या बाईंना दाखवलं. आणि एक दिवस त्याची आई त्याला न्यायला आली तेव्हा बाकीच्या बायांसमोर तिला म्हटलं, "घरी याच्याशी मराठीत बोलत जा. असं कसं शिकन ते?" तिनं मान डोलावली. तिला स्वतःला मराठीचे पन्नास-साठ शब्द येत असतील. त्यानंतर ती माझ्यासमोर लेकराशी बोलेनाशीच झाली. यायची, हात धरायची, दोघं मुकाट निघून जायची. दूर बाभळीपर्यंत गेली की मग तिचा आवाज ऐकू यायचा. मी ते ऐकलं होतं. अर्थ तेव्हा लावला नाही.

मग एका दुपारी मी रजिस्टर भरत होते, मदतनीस पाण्याला गेली होती, आणि दाराजवळून आवाज आला, "बाई, खिचडी करपून राह्यली." अख्खं वाक्य. क्रियापदासकट, आमच्या गावच्या हेलासकट. पाच महिने ते पोरगं गोळा करत होतं. मदतनिसीनं ही गोष्ट हसत हसत शंभरदा सांगितली असेल. मीही हसायची. रजिस्टरमधला शेरा मात्र मी खोडला नव्हता.

आमचं जाणं एप्रिलमध्ये ठरलं. आबांची अट एकच, मृगाच्या आत परत यायचं. व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो, आम्हाला साठ पुरे होते. नागपूर, मुंबई, फ्रँकफर्ट, मग हॅनोव्हरला गाडी बदलून ब्रेमेन. घाटंजीहून निघालो तेव्हा ऊन चाळीसच्या वर, उतरलो तेव्हा आबांनी लुगड्याच्या घडीसारखी शाल गुंडाळून घेतली. स्टेशनातून बाहेर आलो. थोड्याच अंतरावर विटांचा भलामोठा हत्ती उभा आहे, आबा त्याच्यासमोर उभेच राहिले. मुलानं सांगितलं, हा जर्मनांनी आपल्या आफ्रिकेतल्या वसाहतींच्या अभिमानानं १९३२ मध्ये बांधला होता, पुढे शहरानं ठरवलं की तो आता वसाहतवादाच्या विरोधातलं स्मारक समजायचं. आबा म्हणाले, "हत्ती तोच, पाटी बदलली." आमच्या राजकारणाचं त्यांनी बरंच पाहिलेलं आहे.

मला तिथं सगळ्यात अडचण झाली ती दिव्याची. संध्याकाळी सातला देवाजवळ दिवा लावायची माझी सवय. मे महिन्यात तिथं सात म्हणजे आपली दुपार. सूर्य नऊ-साडेनऊला मावळतो. पहिले दिवस मी भर उन्हात दिवा लावला. मग सूर्य मावळायची वाट पाहिली तर डोळे मिटायला लागले. शेवटी सूनबाईनं उपाय काढला, चिमी झोपायला गेली की दिवा. तिची संध्याकाळ ती आपली संध्याकाळ.

आबांना बाटल्यांचा नाद लागला. तिकडे पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की पंचवीस सेंट जास्त द्यावे लागतात, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की ते परत मिळतात. पंचवीस सेंट म्हणजे तेव्हाचे बावीस-तेवीस रुपये. आबा बागेत फिरायला जायचे ते पिशवी घेऊनच. मुलगा ओशाळायचा, "बाबा, लोक काय म्हणतील!" आबा म्हणाले, "ज्यानं टाकली त्याले म्हनतीन."

आणि एक दिवस कापूस. मुलानंच दाखवायला नेलं. ब्रेमेनच्या बाजार चौकाजवळ कापूस एक्स्चेंजची मोठी दगडी इमारत आहे. संस्था १८७२ ची. आबांना वाटलं होतं आत गंजी लागलेल्या असतील, बोली चालू असेल. तिथं एक बोंडही नव्हतं. मुलानं फोनवर वाचून सांगितलं की जगभरातल्या कापसाच्या व्यवहारांचे नियम आणि मालाच्या प्रतीवरून होणारे तंटे यांच्यासाठी ही जागा ओळखली जाते. आबांचा चेहरा बदलला. "म्हणजे ग्रेडर इथं बसते होय!" १९७२ ला आमच्याकडे एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा. ती चालू होती तोवर बैलगाड्यांच्या रांगेत दोन दोन रात्री काढून माणूस काट्यापाशी पोचला की ग्रेडर बोटांनी कापूस चिमटीत धरायचा आणि वर्षाची मेहनत एका शब्दात खाली उतरवायचा. आबांनी त्या इमारतीच्या भिंतीवर हात ठेवला. नमस्कार होता की धक्का, मी विचारलं नाही. कापसाला जर्मनीत बाउमवोले म्हणतात, म्हणजे झाडाची लोकर. ते ऐकून मात्र ते दिवसभर हसत होते. "ह्या लोकायनं पऱ्हाटी पायलीच नसन कधी. कंबरेएवढं झुडूप, त्याले झाड म्हन्ते!"

मी हे सगळं लिहिते आहे, पण माझं लक्ष तिथं असताना एकाच गोष्टीत होतं. चिमीला किटातून आणायचं काम मी मागून घेतलं होतं. सूनबाईचा भाषेचा वर्ग दुपारपर्यंत असायचा, सहाशे तासांचा तो अभ्यासक्रम. वर्गात ती सगळं समजायची, लिहायची पहिल्या नंबरानं. बेकरीत गेली की अजून बोट दाखवून पाव घ्यायची. एकदा मी तिच्यासोबत होते. मागे रांग होती. तिनं ओठ उघडले, मिटले, आणि बोट दाखवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "वाक्य तयार होतं आई, घरून पाठ करून आले होते." मी काही बोलले नाही. ॲडजस्ट हा शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही, एवढी तरी अक्कल आली होती.

किटाच्या आत पहिल्यांदा गेले तेव्हा मी सेविकेच्या नजरेनं सगळं मोजलं. खुंट्या लेकरांच्या उंचीच्या. खुंटीवर नावासोबत चित्र, कारण लेकराला नाव वाचता येत नाही, चित्र येतं. चिमीच्या खुंटीवर कासव. खाली रबरी बूट आणि चिखलात खेळायची वेगळी विजार. पाऊस असला तरी लेकरांना बाहेर काढतातच, विजार चढवून. आमच्याकडे चिखलात खेळायला विजार काढतात.

वर्गाच्या दाराशी भिंतीवर एक कागद डकवला होता. इंग्रजी अक्षरांत काहीतरी हातानं लिहिलेलं. मी चष्मा लावून वाचलं. पाणी. बस. शू. दुखते का. भूक. घाबरू नको. आई येते हं, येते.

मी तो कागद दोनदा वाचला. मग सूनबाईला घरी विचारलं. ती म्हणाली, "पहिल्याच आठवड्यात ताईंनी मागितले होते शब्द. म्हणाल्या, तुमच्या घरात तुम्ही तिला जे म्हणता तेच, तसंच सांगा. मी म्हणत गेले, त्या लिहीत गेल्या. हं सुद्धा लिहिला त्यांनी." आणि आणखी एक सांगितलं. तिनं मार्चमध्ये माझा सल्ला त्या ताईंपुढे ठेवला होता, घरी मराठी बंद करायचा. ताईंनी जोरजोरात मान हलवली होती. घरात मराठीच बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा. जर्मनचं आम्ही पाहतो. ती गप्प आहे म्हणजे ती रिकामी नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

पिठासारखंच हेही तिनं फेकून दिलं होतं आणि डबा जागेवर ठेवला होता.

मेच्या मध्यावरची गोष्ट. मी न्यायला गेले होते, लेकरं अंगणात होती. एक मुलगा झोक्यावरून पडला आणि गुडघा फुटला. केस पिकलेल्या त्या ताई धावल्या, त्याला जर्मनमध्ये काहीतरी समजावत होत्या. चिमी जवळच उभी, भेदरलेली. ताईंनी एका हातानं त्या मुलाला धरलं, दुसरा हात चिमीच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आई येते हं, येते." उच्चार असा की येतेचं येटे झालं होतं. पण सूर सूनबाईचा होता, तोच, झोपवतानाचा. माझ्या हातातली पिशवी खाली गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी चिमी बोलली. खिचडी करपण्याइतकं मोठं काही नव्हतं. ताई तिला झोका देत होत्या, झोका थांबला, आणि ही म्हणाली, "नॉखमाल." पुन्हा एकदा. ताई मला सांगायला फाटकापर्यंत पळत आल्या. त्यांना मराठी नाही, मला जर्मन नाही. त्यांनी हातानं झोका केला, ओठांकडे बोट नेलं, आणि आम्ही दोघी फाटकात उभ्या राहून नॉखमाल, नॉखमाल म्हणत राहिलो. येणारे-जाणारे पालक बघत होते.

रात्री चिमीला मी विचारलं, "तिथं एवढे दिवस का नाही बोलली वं?" ती म्हणाली, "मी ऐकत होते ना."

३ जूनला आम्ही परत आलो. रोहिणी बरसून गेल्या होत्या, मृगाची वाट होती. सूनबाईनं निघताना मला पावाचं पाकीट दिलं, तिनं स्वतः मागून घेतलेलं, वाक्य बोलून. प्रवासात ते चेपलं. मदतनिसीला त्यातला तुकडा दिला तर म्हणाली, "हे तर दगड होय बाप्पा." खरंच कडक असतो तो.

यंदा पेरणीनंतर डवरणीला ट्रॅक्टर घेऊन जो आला, तो ते दाराजवळचं पोरगं. आता वीसेक वर्षांचा आहे, मिशी आलेली, मालकाचा ट्रॅक्टर चालवतो, आणि एवढं बोलतो की आबा वैतागतात. धुऱ्यावर चहा घेऊन गेले. सोबत वही नेली होती, जुन्या हजेरीच्या रजिस्टरची कोरी पानं फाडून शिवलेली.

म्हटलं, "तुझ्या भाषेत मले काही शब्द सांग. पाणी, भूक, दुखते का, असे."

तो हसला. "आता कायले पायजे बाई? तुमी तर रिटायर झाल्या."

"नवी सेविका आहे ना. पोडावरची दोन लेकरं आहेत तिच्याकडे यंदा."

त्यानं सांगितले. पाणी सांगितलं, भूक सांगितली, शू सांगताना लाजला. मी लिहीत गेले, तो दोन-दोनदा म्हणून दाखवत गेला, चुकलं की माझ्या वहीत डोकावून "असं नाही, लांब" म्हणायचा. "घाबरू नको" ला मात्र अडला. कपाळ खाजवलं. इकडे तिकडे पाहिलं. "येते मले," म्हणाला, "माय म्हने ते. आता तोंडात येऊन नाही राह्यलं."

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि पोडावर आईला लावला. ती त्याला काहीतरी विचारत होती, तो मराठीत सांगत होता, "बाईले पायजे, अंगनवाडीच्या बाईले." पलीकडे बराच वेळ शांतता. त्यानं फोन माझ्या कानाला लावला. ती म्हणाली, एकदा हळू, मग पुन्हा एकदा. मी पेन्सिल वहीवर टेकवून म्हणून पाहिलं. माझ्या उच्चारावर ती इतकी हसली की फोन कानापासून दूर धरावा लागला.